पाचरकाकांचे टेकू

सुताराला बचावपथकात काय काम, असं विचारणारे पुष्कळ भेटत. पाचरकाका वाद घालत नसत. "लोक चालत्या कामात पाचर मारतात ती अडवायला. मी मारतो ती छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून," एवढंच म्हणत. त्यावरूनच पथकातल्या पोरांनी त्यांचं हे नाव पाडलं होतं.

वय चोपन्न. त्यातली तीस वर्षं दारं, खिडक्या आणि कपाटं करण्यात गेलेली. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानासमोरची इमारत खचली, तेव्हा पथकाला आधारासाठी लाकूड हवं होतं. काकांनी गिऱ्हाइकाच्या कपाटाच्या फळ्या उचलल्या, कुणी सांगायच्या आत मापं घेतली आणि संध्याकाळपर्यंत सहा टेकू उभे केले. पथकाच्या प्रमुखबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही आमच्यातच या." तेव्हापासून दर महिन्याला सराव. पासपोर्ट काढून झाला, लसी टोचून झाल्या, पण परदेशी जाणाऱ्या तुकडीत काकांचा नंबर काही लागेना. मेव्हणा चिडवायचा, "काय भावजी, अजून राखीवच का?"

बोलावणं आलं ते सकाळी अकराला, कपाटाला बिजागऱ्या बसवताना. समुद्रापलीकडच्या देशात पहाटे भूकंप झाला होता. तीन तासांत विमानतळावर हजर व्हायचं होतं.

"अहो, आपल्या मोरीची कडी दोन वर्षं लागत नाही आणि तुम्ही निघालात परदेशात टेकू लावायला!" बायको म्हणाली.

"आल्यावर लावतो."

"हेही दोन वर्षं ऐकतेय." मग तिने लोकरीचे मोजे बॅगेत कोंबले. "तिकडे थंडी आहे म्हणतात. आणि हे बघा, आत शिरायची घाई करू नका." बोलताना ती बॅगेच्या चेनकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या गावात पोहोचले. काकांनी सरावासाठी पाडलेल्या भिंती पाहिल्या होत्या, पण अख्खा रस्ता आडवा झालेला पाहिला नव्हता. दुसऱ्या मजल्याची बाल्कनी जमिनीवर टेकली होती आणि तिच्या दोरीवर कपडे तसेच वाळत होते.

तीन मजली घराच्या ढिगाऱ्यावर पथकाचा कुत्रा दोनदा फिरला, एका फटीशी थांबला आणि भुंकायला लागला. ऐकण्याचं यंत्र लावलं. सगळ्यांना गप्प केलं. आतून बाईचा बारीक आवाज आला.

जवळ उभा असलेला एक दाढीवाला माणूस गुडघ्यांवर बसून फटीत हाका मारायला लागला. पथकाला दुभाषी म्हणून तिथली एक शिक्षिका मिळाली होती. ती म्हणाली, "आत यांची थोरली बहीण आहे. हे काल पहाटेपासून हाताने उकरताहेत."

वाट करायची तर वरचा स्लॅब आधी पेलून धरायला हवा. पथकाचे लोखंडी टेकू दुसऱ्या विमानाने येणार होते आणि ते विमान अजून उडालंही नव्हतं. प्रमुखबाईंनी काकांकडे पाहिलं. "लाकडावर होईल?"

"होईल. पण लाकूड कुठाय?"

शिक्षिकेने भाषांतर करताच दाढीवाला ताडकन उठला आणि काकांचं मनगट धरून त्यांना मागच्या गल्लीत घेऊन गेला. तिथे पत्र्याच्या शेडखाली जाड तुळया रचून ठेवल्या होत्या. बाजूला करवती, हातोड्या आणि भुशाचा ढीग. काकांनी त्याच्या कानावर खोचलेली पेन्सिल पाहिली आणि त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं. "अरे, तू तर आपल्यातलाच निघालास!"

त्याला शब्द कळला नाही, पण अर्थ कळला.

दुभाष्या बाईची गरज तिथेच संपली. काका आत सरपटून माप घेत आणि बोटांनी आकडे दाखवत. तो बाहेर कापून तुळई आत सरकवी. उभा टेकू, त्यावर आडवी तुळई, खाली समोरासमोरून दोन पाचरी. दोन्हीकडून हलके हलके ठोकायच्या. जोरात ठोकलं तर स्लॅबच उचलला जायचा आणि सगळंच खाली यायचं. हातभर पुढे गेलं की नवा टेकू. एक पाचर बसेना, तर तो स्वतःच आत डोकावला, ती काढून घेऊन अर्ध्या मिनिटात तासून परत दिली. लोण्यासारखी बसली.

दुपारी आत अडकलेल्या बाईंचा हात दिसला. काकांनी तो धरला. गार होता, पण बोटं वळली. तेवढ्यात जमीन हलायला लागली आणि बाहेर शिट्टी वाजली.

"काका, बाहेर!"

शिट्टी वाजली की बाहेर यायचं, हा नियम म्हणजे नियम. काकांना हात सोडावा लागला. हे आपण आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम करतोय, असं त्यांना वाटलं. ते बाहेर आले तेव्हा धुळीने तोंड भरलं होतं. भाऊ आत घुसायला धावला. पथकातल्या दोघांनी त्याला कसंबसं आवरलं.

जमीन थांबली. काका फटीशी कान लावून पडून राहिले. लाकडाचा एक गुण असतो. ते न सांगता मोडत नाही, आधी कुरकुरतं. पाच मिनिटं गेली. एकाही तुळईने हूं का चूं केलं नाही.

"धरलंय," काका म्हणाले. "मला जाऊ द्या."

प्रमुखबाईंनी आधी टोकाला कॅमेरा असलेली तार आत सोडून सगळे टेकू तपासले, मगच मान हलवली. काकांनी दोन पाचरी नव्याने घट्ट केल्या. मागोमाग पथकाचे डॉक्टर गेले. बाईंचा पाय कपाटाखाली दाबला गेला होता. तो सोडवण्याआधी त्यांनी सलाईन लावलं. चार वाजून दहा मिनिटांनी बाई उघड्या आभाळाखाली आल्या. भावाने बहिणीचं धुळीने माखलेलं डोकं छातीशी धरलं आणि लहान मुलासारखा हमसून रडला.

सगळीकडे असं झालं नाही. पुढच्या दोन दिवसांत त्यांना आणखी पाचजण सापडले. त्यातला एकच जिवंत होता. ते दोन दिवस काका धड जेवले नाहीत.

निघायच्या आधी ते तंबूतल्या दवाखान्यात गेले. बाईंचा पाय वाचला होता. शिक्षिकेमार्फत त्या म्हणाल्या, "सुतार आलाय हे मला आतच कळलं होतं. आमचे वडील सुतार होते. तोडणाऱ्याची हातोडी कशीही पडते. ही मोजून पडत होती. म्हटलं, आता जरा धीर धरावा." मग भावाकडे वळून त्यांनी बरंच काही सुनावलं.

"काय म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

शिक्षिका हसली. "म्हणाल्या, पाहुण्यांनी तुझ्यापेक्षा सरळ काम केलं."

दाढीवाल्याने हात जोडून हार मानली. शेवटच्या दिवशी त्याने गावातले अकरा सुतार शेडमध्ये गोळा करून आणले. विमान संध्याकाळचं होतं. काकांनी बाह्या सरसावल्या, एक तुळई मध्ये ठेवली आणि समोरासमोरून जोडपाचर कशी मारायची, ते पहिल्यापासून दाखवायला सुरुवात केली.