हेल्मेट की घमेलं

शिर्डीत त्या हॉटेलाचं बांधकाम चालू होतं तेव्हा फाटकावर हा मोठा बोर्ड लावलेला: हेल्मेट नाही तर काम नाही. तिसगावकडून आम्ही दोघी जावा तिथं माल वाहायला गेलो होतो, थोरली जाऊ आणि मी. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवायचा, डोक्यावर फडक्याची चुंबळ, चुंबळीवर ओल्या सिमेंटनं भरलेलं घमेलं, की लागायचं जिन्याला. बाईला साईटवर दुसरं काम देतंय कोण.

पहिल्याच दिवशी सुपरवायझरनं पिवळी हेल्मेटं वाटली. जाऊनं ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "सायब, डोकं एकच हाय माजं. ह्ये ठिवू का घमेलं?"

शिकला-सवरलेला माणूस, म्हणाला, "दोन्ही."

तिनं हेल्मेटवर चुंबळ ठेवून बघितली. जिन्यावर पाय ठेवला नाही तोच घमेलं गरकन फिरलं आणि सगळा माल माझ्या अंगावर. मुकादम पोट धरून हसला. आम्हीही हसलो, खोटं कशाला बोलू. दुपारपासून हेल्मेटं सळयांच्या टोकांना अडकवलेली. मालक यायचा असला की मुकादम ओरडायचा, "टोप्या घाला गं." आम्ही घमेली खाली ठेवून टोप्या घालून उभ्या राहायचो. फोटो निघायचा. मालक गेला की पुन्हा चुंबळ.

हेल्मेट वाईट असं मी म्हणत नाही. पण आमचा जीव टांगलेला होता तो भोकापाशी. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टसाठी चौकोनी भोक सोडलेलं, थेट तळापर्यंत, आणि आमची वाट त्याच्या कडेनंच. कठडा नाही, काही नाही, नुसती लाल-पांढरी फीत. जाऊ रोज सांगायची, "सायब, कडंनं चार पाइप ठोका." त्याचं ठरलेलं, "कठड्याचे पाइप यायचेत. तोवर खाली बघून चाला, मावशी." उचलली जीभ लावली टाळ्याला. डोक्यावर भरलं घमेलं घेऊन त्यानं एकदा खाली बघून दाखवावं. मान ताठ ठेवावी लागते, पाय नुसते सवयीनं पडतात. जाऊनं फारच पिच्छा पुरवला तेव्हा त्यानं भोकावर एक जाड फळी टाकून दिली. खिळासुद्धा मारला नाही. तरी आम्हाला बरं वाटलं. गरिबाला फार लवकर बरं वाटतं, तिथंच आम्ही मरतो.

मग सगळेच त्या फळीवरून जायला लागले. पायांना तीच वाट झाली. एके दिवशी दुपारी आम्ही खाली पाइपांच्या ढिगावर बसून भाकरी खात होतो, आणि तेवढ्यात वरच्या मजल्याच्या सेंट्रिंगला फळी कमी पडली म्हणून कुणीतरी ती उचलून नेली. आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगावं असं कुणाला वाटलंच नसेल. जेवून आम्ही पहिली खेप घेऊन चढलो. जाऊ पुढं, मी मागं. गावी गेल्यावर परसात मेथी टाकायची म्हणून बोलत होती. बोलता बोलता ती माझ्यापुढून गेलीच. खालून घमेलं आपटल्याचा आवाज आला, तिचा आला नाही.

जगली. पण कमरेखाली काही उरलं नाही.

दवाखान्यात सुपरवायझर शहाळी घेऊन आला. कॉटशी उभा राहून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "हेल्मेट दिलेलं होतं. यांनी घातलं नव्हतं." चोराच्या उलट्या बोंबा. माझ्या हातात शहाळं होतं, ते त्याच्याच टाळक्यात घालावंसं वाटलं. मी तोंड उघडायच्या आत जाऊच बोलली, अगदी हळू. "सायब, डोक्याला खरचटलं पन न्हाई माज्या. मोडली ती कंबर. कमरंला घालाया काय दिलं हुतं का तुमी?"

तो मोबाईल कानाला लावून बाहेर गेला. पण गावात पोचलं ते त्याचंच बोलणं. अजून कुणीही येतं, तिच्या उशाशी बसून चहा पितं आणि म्हणतं, "टोपी घालाया काय झालं हुतं तुला?" आधी मी भांडायचे. आता चहाच करत नाही.

तेव्हा तिला गावी पोचवून मी मात्र त्याच साईटवर पुन्हा गेले. पोट कुणासाठी थांबतंय. पहिल्यांदा सुट्टी मिळाली तशी तिला भेटायला आले. ती दारापाशी खाटेवर पडलेली होती.

"त्या भोकाला काय केलं गं?" तिनं विचारलं.

काही सांगायचं नाही असं ठरवून आले होते. तिच्यापुढं जमलं नाही. "कठडा लावलाय."

"कवा?"

"तुमी पडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळच्या चहाच्या आत झालं."

"पाइप आले व्हय मग?"

"आले न्हाईत," मी म्हणाले. "आपन ज्याच्यावर बसून भाकरी खायचो, तेच लावले."