पाणमांजरीचा करार

तरणतलावावर उभी हयात पोहायला शिकवण्यात गेलेल्या बाईंना सगळे पाणमांजर म्हणत, आणि बाईही त्या नावाला खुशीने ओ देत. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनाने घेतलं, की आपल्या शिकवण्याचं पुस्तक व्हावं. बोलायला लागल्या की त्यांना थांबवणं कठीण. पण पेन हातात घेतलं की दोन ओळींत दम लागायचा. म्हणून त्यांनी एक लेखक गाठला. घरी बसून लोकांना हवं ते लिहून देणारा, जाड भिंगांचा, अबोल माणूस.

बाईंना वाटलं, शब्द दिला की झालं. वकिली करणारी भाची मात्र ऐकेना. तिने करार टाईप करून आणला आणि तलावाच्या कँटीनमध्ये तिघं चहा घेऊन बसली. लेखक काय लिहून देणार, कधीपर्यंत, मजकूर किती वेळा बदलून मिळणार, मानधन कसं, काम मध्येच थांबलं तर काय, असं एकेक कलम ती वाचत गेली. बाई मान डोलावत होत्या. लेखनाच्या हक्काचं कलम आलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"म्हणजे शिकवलं मी, आणि पुस्तक यांचं?"

"तसं होऊ नये म्हणूनच हा कागद, मावशी," भाची म्हणाली. "जो लिहितो त्याचा हक्क धरतात. यांनी तो लेखी तुला दिला, की पुस्तक तुझं."

लेखकाची हरकत नव्हती. फक्त आतल्या पानावर 'शब्दांकन' म्हणून आपलं नाव यावं, एवढं त्याने चहाच्या कपाकडे बघत सांगितलं. बाई म्हणाल्या, आत कशाला, मुखपृष्ठावरच घाला. भाचीने तिथेच दुरुस्ती केली.

गुप्ततेच्या कलमावर बाईंना हसू आवरेना. कोणता बडा अधिकारी शिडी सोडायला तयार नव्हता, कोण रडून पळालं, हे लेखकाने बाहेर बोलायचं नव्हतं. अर्ध्या शहराची अब्रू माझ्याकडे आहे, हे बरं केलंस, असं त्या भाचीला म्हणाल्या.

सह्या करताना त्यांनी सहज विचारलं, तुम्हाला पोहता येतं ना? लेखकाने चष्मा काढून पुसला. लहानपणापासून पाण्याचा धसका आहे, गुडघ्याच्या वर कधी गेलो नाही, असं त्याने सांगून टाकलं. काम गेलं असं समजून पेनही खाली ठेवलं.

बाईंचा चेहरा मात्र खुलला. "आणखी एक कलम लिही," त्या भाचीला म्हणाल्या. "लेखक आधी पाण्यात उतरेल, मग लिहील."

"बुडालो तर काय, तेही लिहा," लेखक हळूच म्हणाला.

"ते कलम आजवर कुणाला लागलेलं नाही."

त्याने सही केली. दुसऱ्या दिवशी उथळ बाजूला कठडा घट्ट धरून तो उभा राहिला तेव्हा त्याचे दात वाजत होते. बाई रोज त्याच्या पाठीखाली हात धरायच्या आणि मान सैल सोडायला सांगायच्या. एका सकाळी चष्म्याविना धूसर आभाळ बघत तो पडून होता, आणि बाईंचा आवाज लांबून, पार काठावरून आला. हात केव्हाच निघाला होता. तो तसाच ओल्या अंगाने बाकावर येऊन बसला आणि कागद भिजत असताना त्याने पहिलं प्रकरण लिहून काढलं. बाईंनी ते वाचलं आणि एक शब्दही बदलायला सांगितला नाही.

पुस्तक छापून आलं, करार संपला. लेखक अजून रोज तलावावर येतो. आता त्याला पाण्याबाहेर काढणं हेच बाईंचं काम होऊन बसलंय.