टाक्याला हात लावू नको

"स्कार टिश्यू अंदर चिपक गया है," फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या आणि रुचाला, माझ्या सुनेला, सिझरच्या टाक्यावर बोट ठेवायला सांगितलं. रुचाने हात मागे घेतला.

"किसने मना किया है?"

रुचाने माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणाले, "मैंने."

बाळंतपणाला आठ महिने झाले होते. पहिल्या दिवसापासून मी बजावलं होतं, टाक्याला हात लावू नको. आमच्याकडे बाळंतिणीचं अंग चोळतात, पण सिझरच्या टाक्याला कोणी शिवत नाही. जखम ओली असेपर्यंत ते बरोबरच. पुढे काय, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, पण विचारायला शाळा लागत नाही.

रुचा पुढे वाकून चालायची. शिंक आली की पोट धरायची. नात रांगायला लागली, तर तिला जमिनीवरून उचलता येईना. पोर हात वर करायची आणि ही मला हाक मारायची. आजकालच्या मुली नाजूक, असं मी तिला तोंडावर म्हणाले.

शेवटी इथल्याच, लखनौच्या गोमतीनगरमधल्या दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली. हर्निया नाही, जखम पक्की भरलेली. बाकावर दोन तास बसल्यावर या बाईंकडे नंबर लागला. त्यांनी समजावलं. स्कार टिश्यू म्हणजे जखम भरताना तयार होणारा निबर भाग. पोटाचे थर एकमेकांवर सरकायला हवेत; ते चिकटले की ओढ बसते. बोटांनी ते हळूहळू मोकळे करायचे, त्याला स्कार मोबिलायझेशन म्हणतात.

आठवड्यातून दोनदा त्या करणार, रोज पाच मिनिटं घरी आम्ही. रुचाला टाक्याकडे बघवतही नव्हतं, म्हणून मी शिकायला बसले. माझ्या हातात जोर आहे. तो लावला.

"अम्माजी, आटा नहीं गूँधना है. चमड़ी को बस सरकाइए."

रुचा खुदकन हसली. "आई, घर में आपको कोई ऐसे टोकता ही नहीं." ती मराठी घरातली, पण लखनौत वाढलेली. मराठी ऐकते, उत्तर हिंदीत देते.

तीन आठवडे काही फरक दिसेना. मी म्हणाले, पुरे झालं आता. रुचा म्हणाली, "छोड़ेंगे नहीं." एका दुपारी तिने माझा हात बाजूला केला. "हटिए आई, आप तो अब डर-डर के कर रही हैं." आणि स्वतःची बोटं टाक्यावर ठेवली. डोळ्यांत पाणी होतं, पण बोटं मागे घेतली नाहीत. त्या दिवसापासून तीच करते.

ज्यांच्या घरी असं असेल त्यांना सांगते. जखम पूर्ण भरू द्या. लाल असेल, पाणी येत असेल, तर हात लावू नका. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर शिकून घ्या आणि मगच करा. रुचाचा टाका अजून कधीतरी ओढतो. तिला लागले तसे दोन-अडीच महिने तुम्हालाही लागतील, किंवा जास्त.

परवा नातीने खालून हात वर केले. मी सवयीने उठायला लागले.

"आप बैठिए," रुचा म्हणाली. गुडघ्यात वाकली, पोरीला उचललं, कडेवर घेतलं आणि सरळ उभी राहिली.

मी बसून राहिले. सून आपलं ऐकत नाही, याचा इतका अभिमान वाटेल असं मला वाटलं नव्हतं.