साडूंच्या ट्रकचा पोळा

शिरूरपासून दौंडपर्यंत हेवा करावा असा माणूस एकच आहे, आणि नेमका तो माझा थोरला साडू निघावा, हे माझं नशीब. माझे सहा नवे ट्रक कोरेगाव भीमाच्या कारखान्यांचा माल वाहतात. साडूंकडे एकच ट्रक, तोही आजोबांच्या वेळचा, पुढून हँडल मारल्याशिवाय चालू न होणारा. तरी यवतला सासुरवाडीच्या ओसरीवर माझ्या ट्रकांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. सगळे साडूंभोवती कोंडाळं करून तीच जुनी हकिकत ऐकतात, आणि मी कोपऱ्यात जळत बसतो.

हकिकत अशी. साडूंचे आजोबा गुळाच्या ढेपा बैलगाडीनं दौंड स्टेशनवर पोचवायचे. परतताना ते गाडीत खुशाल आडवे व्हायचे, बैल आपसूक घरी आणायचे. पुढं बैल विकून त्यांनी ट्रक घेतला. पहिल्याच खेपेला गूळ उतरवला, भाकरी खाल्ली, ट्रक शिरूरच्या वाटेला लावला आणि सवयीनं डोळे मिटले. ट्रक थेट उसात! लोक धावत आले, तर आजोबा शांतपणे म्हणाले, "नवा हाय. शिकंल वाट."

तेव्हापासून त्या घरात ट्रकला बैलाचा मान. ब्रेक दाबताना साडू अजून बैल थांबवावा तसं "हो, हो" म्हणतात. आमच्याकडं पोळा भादव्यात; त्या दिवशी ट्रकला अंघोळ, झूल, बॉनेटवर पुरणपोळी. आणि यवतच्या मिरवणुकीत शेजारच्या सीटवर आमचे सासरे! मामांनी एकदा तरी माझ्या गाडीत बसावं, एवढीच माझी इच्छा. पण दरवर्षी ते त्या खटाऱ्यातच चढायचे.

यंदा मी हट्टाला पेटलो. एसी केबिनचा कोरा ट्रक फुगे लावून मामांच्या दारात उभा केला. "मामा, आज माझ्याकडं." मामा साडूंकडे बघत अवघडून चढले, आणि वेशीपर्यंत पोचतो तोच गार वाऱ्यात गाढ झोपले.

साडू आपला ट्रक चालूच ठेवून उतरले आणि माझ्या खिडकीशी आले. आत वाकून त्यांनी झोपलेल्या मामांना बघितलं.

"पाव्हणं, माझ्या गाडीत मामांनी कवा डोळा मिटला न्हाई. कायम दांडी धरून बसत्यात. आमच्या आज्याला अशीच गाडी पायजे व्हती बघा."

त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हेवा होता. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो, आणि आता तो बघवेना. तेवढ्यात मागं त्यांचा ट्रक आचके देऊन बंद पडला. मी उतरलो, साडूंच्या आधी हँडल उचललं, आणि कुणी ऐकत नाही असं बघून त्या खटाऱ्याला म्हणालो, "चल, राजा."