गिऱ्हाईक उठलं की पुसायचं

रोह्यात, अष्टमीकडे जाणाऱ्या पुलाजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन. लोक आधार, दाखले, नोकरीचे अर्ज सगळं माझ्यावर सोपवतात. पासवर्डसुद्धा तोंडी सांगून मोकळे होतात.

एकदा दुपारी ओळखीची एक तरुण बाई एकटीच आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. हळूच म्हणाली, "ताई, पनवेलला त्याचा चांगला दवाखाना हाय काय, बघशील? घरी कोणाला बोलले नाय." मी शोधून दिलं. तिनं पत्ता कागदावर उतरवून घेतला.

दोनच दिवसांनी ती सासूला घेऊन आली, सासूचं पॅन कार्ड काढायला. नावाचं स्पेलिंग बघता यावं म्हणून मी स्क्रीन नेहमी गिऱ्हाईकाकडे वळवलेली ठेवते. मराठीत 'पॅन' लिहायला गेले, आधी 'पन' उमटलं, आणि खाली परवाचा अख्खा शोध आपोआप उघडा पडला: पनवेल, वंध्यत्व, दवाखाना. पुढच्या पानावर कडेला गुटगुटीत बाळाची जाहिरात.

सासूला वाचता येत होतं. "ह्यो कोणाचा गो?" तिनं विचारलं.

सुनेचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "माझ्या मावसबहिणीसाठी बघत होते."

"होऊ दे बिचारीला," सासू म्हणाली. अर्ज भरून दोघी गेल्या. मला मात्र दिवसभर कामात लक्ष लागेना. त्या बाईनं माझ्यावर विश्वास टाकला होता आणि माझ्याच संगणकानं तिचं गुपित सासूसमोर मांडलं होतं.

रविवारी माहेरी पेणला गेले. भावाचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, ऑर्डरी घ्यायला लॅपटॉप. ओल्या मूर्तींच्या बाजूला बसून मी त्यावर तीन वेगवेगळे ब्राऊझर टाकले. प्रत्येकात एकच गोष्ट शोधायची, मग दुसऱ्याच साईटवर जायचं आणि जाहिराती मागे येतात का बघायचं. भाऊ ब्रश धुता धुता म्हणाला, "आपल्याकडं लपवण्यासारखं काय हाय? जो हाय तो वापर की."

"माझं काय नाय रे. लोकांचं हाय, आणि ते माझ्या दुकानात पडलेलं असतं."

त्यानं लॅपटॉपचा चार्जर माझ्याकडे सरकवला.

पहिल्यात जाहिराती तशाच येत राहिल्या. दुसरा चांगला, पण सरकारी साईटवर फोटोच चढेना. तिसरा जमला. पाठलाग करणाऱ्या जाहिराती अडवतो आणि खिडकी बंद केली की आधीचं सगळं पुसतो. कुठे अडलंच तर तेवढ्या साईटपुरती ही अडवणूक सैल करता येते. सोमवारी सकाळी दोन्ही संगणकांवर तोच घातला. जुना ब्राऊझर काढला, साठलेले पासवर्डही. पहिले चार दिवस कुरकुर झाली. एक जण म्हणाला, "मागच्या टायमाला माझं नाव आपोआप येत होतं." मी म्हटलं, "येत होतं ना? दुसऱ्याच्या समोर पण येत होतं." त्यानं नाव स्वतःच टाइप केलं.

महिन्याभरानं ती बाई परत आली. मी माफी मागणार तोच ती हसली. "त्या दिवशी पुलावर सासू म्हणाली, त्या मावसबहिणीला पत्ता विचारून ठेव, आपल्याला बी लागंल. दोघी जाऊन आलो पनवेलला."

मला बरं वाटलं. पण त्याचं श्रेय मी घेत नाही. सासू चांगली निघाली म्हणून निभावलं. घरी सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे तिनं ठरवायचं होतं, माझ्या संगणकानं नाही. तेही मी तिला बोलून दाखवलं.

"आता पुसतेस ना?" तिनं विचारलं.

"बस, बघ." मी खुर्ची तिला दिली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्यांची नावं तिनं स्वतःच टाइप केली, सावकाश, एकेक अक्षर शोधत. वाचून झाल्यावर खिडकीही तिनंच बंद केली, परत उघडून शोधायच्या पट्टीत 'पन' लिहून बघितलं. खाली काही आलं नाही.

"हाच ब्राऊझर माझ्या मोबाईलवर पण टाकून दे," ती म्हणाली.