सापगावच्या हॉलची चौदावी अट

माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात मला फाटकावरच अडवण्यात आलं, आणि ते पूर्णपणे नियमाला धरून होतं.

नियम कुणी केला, हे इतक्यात विचारू नका. (आमच्या घरी ही गोष्ट पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.)

मी भिवंडीकडच्या एका गोदामाच्या ऑफिसात भाडेकरार तपासतो. कागद समोर आला की लोक वरचं मोठं शीर्षक वाचतात, मी थेट शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं वाचतो. त्यामुळे प्रणालीचं लग्न ठरलं आणि सापगावजवळचा हॉल घ्यायचं नक्की झालं, तेव्हा बुकिंगला कोण जाणार हा प्रश्नच नव्हता. निदान मी तो कुणाला पडू दिला नाही.

"पंखे चालतात का बघा, आणि नळाला पाणी आहे का बघा," सुनंदा म्हणाली. सुनंदा म्हणजे आमची सौभाग्यवती.

"पंखे कुणीही बघेल," मी म्हणालो. "मी अटी बघणार!"

हॉलच्या ऑफिसात भिंतीवर तेरा अटींचा बोर्ड होता. भिंतीला पिचकारी मारू नये. घोडा पायऱ्यांच्या खालीच थांबवावा. भांडणात मोडलेल्या खुर्च्या वधूपक्षाने भरून द्याव्यात. (दोन्ही पक्षांनी भरून द्याव्यात, अशी दुरुस्ती मी तिथल्या तिथे करून घेतली!) शेवटची अट तर फारच अनुभवी माणसाने लिहिलेली होती : 'रुसवेफुगवे पार्किंगमध्ये करावेत, हॉलमध्ये करू नयेत.'

मॅनेजरसाहेब खूश होऊन माझ्याकडे बघत होते. इतक्या बारकाईने बोर्ड वाचणारा वधुपिता त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. मग मी घसा साफ केला.

"तुमच्या अटींत एक मोठं भोक आहे," मी म्हणालो. "आत कुणी यायचं, हे कुठंच लिहिलेलं नाही."

"लग्नाला आलेल्यांनी यायचं ना, साहेब."

मी त्यांना माझ्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाची हकीगत सांगितली. त्या दिवशी तानसा तलावावर सहलीला आलेली माणसं परतीच्या वाटेवर मंडप बघून थांबली, हाफ पॅन्टवरच पंगतीला बसली, जिलेबी दोनदा मागून घेतली आणि जाताना नवरा-नवरीबरोबर फोटो काढून गेली. भावाच्या अल्बममध्ये ती माणसं आजही आहेत. भाऊ मात्र एकाही फोटोत नाही, कारण तो तेव्हा संपलेला भात बघायला मागे गेला होता.

"तेव्हा लिहा," मी सांगितलं. "अट चौदावी. छापील पत्रिका दाखवल्याशिवाय कुणालाही आत सोडू नये."

"कुणालाही म्हणजे..."

"कुणालाही म्हणजे कुणालाही! उद्या मी स्वतः आलो तरी!"

आणि खाली झोकात सही केली. त्या सहीखाली एक रेघ मारायची मला सवय आहे. तीही मारली.

लग्नाचा दिवस उजाडला. हॉलच्या फाटकावर मॅनेजरने एक गृहस्थ बसवले होते. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. सगळी नोकरी शहापूर-किन्हवली गाडीवर काढलेली, आणि स्वतःच्या सासूलासुद्धा कधी फुकट नेलेलं नाही, अशी ख्याती! सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणत. त्यांना बघून माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांना माझ्या सहीचा कागद दाखवला.

"वाचलाय मी," काका म्हणाले. "मॅनेजर शहापूरला गेलेत सिलिंडर आणायला. तंवर फाटक माझं."

आधी मुलाकडचं वऱ्हाड आलं, वासिंदकडून. आमचे व्याही हिशेबी. उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा त्यांनी गाडीतच ठेवलेला. वाटला एकेकाच्या हातात आणि वऱ्हाड वाजतगाजत आत! काकांनी प्रत्येक पत्रिका हातात घेतली, खिशातून तिकिटाचा जुना पंच काढला आणि कटकट करून भोक पाडून परत दिली. मी आतून हे बघत होतो. याला म्हणतात व्यवस्था, असं चार जणांना सांगूनही झालं.

मग आमची किन्हवलीकडची माणसं आली, आणि मला एक गोष्ट आठवली. ती करार करताना आठवायला हवी होती.

आमच्याकडे पत्रिका माणसाला देत नाहीत, पाड्याला देतात. एका पाड्यावर एक. ती कुणाच्या तरी ओसरीवर खिळ्याला अडकवतात, येणारा-जाणारा वाचतो आणि लग्नाच्या दिवशी अख्खा पाडा टेम्पोत बसतो. पत्रिका खिळ्यालाच राहते!

आमच्या पाड्यातल्या जनाकाकीने मात्र ती खिळ्यावरून काढून पदराला बांधून आणली होती. काकांनी पत्रिकेला भोक पाडलं आणि जनाकाकी एकटी आत आली. आत येऊन तिने हुशारी केली. कंपाउंडवरून पत्रिका बाहेर फेकली. पुढच्या बाईने ती उचलून काकांना दाखवली.

"ही पंच झालेली हाय."

"मंग काय झालं? आमच्याच पाड्याची हाय ना?"

"बाय, पंच झालेल्या तिकिटावर दुसरा पॅसेंजर बसतो का गो?"

बाई फाटकाबाहेरच बसली, आणि तिच्यामागून आलेला पाडाही बसला.

थोड्याच वेळात हॉलमध्ये असं दृश्य होतं : नवऱ्याकडची बाजू भरून नवरीकडच्या खुर्च्यांवरही पसरलेली, आणि नवरीकडची सगळी माणसं कंपाउंडच्या बाहेर करंजाच्या झाडाखाली. व्याही माझ्याजवळ आले. "तुमच्याकडचं कुणी आलं नाही का हो?" त्यांनी इतक्या हळुवारपणे विचारलं, की तोंड लपवायला मला जागा सापडेना.

तेवढ्यात माझी नजर पहिल्या रांगेवर गेली. तिथे पाचसहा माणसं हाफ पॅन्ट घालून कोकम सरबत पीत बसली होती! मधल्याच्या अंगात फुलाफुलांचा शर्ट, डोक्यावर टोपी आणि गळ्यात दुर्बीण.

"हे कोण?" मी सुनंदाला विचारलं.

"मला काय माहीत? तुमच्या ऑफिसातले असतील. पत्रिका दाखवून आलेत म्हणे."

मी याचा छडा लावणार, तोच सुनंदाचा मोबाइल वाजला. तिने ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला.

"दादाला फाटकावर अडवलंय."

आता दादा म्हणजे सुनंदाचे थोरले भाऊ, प्रणालीचे नाथामामा. मुरबाडच्या पलीकडून आलेले. मामाने हात धरून आणल्याशिवाय नवरी मांडवात उभी राहत नाही. लहानपणी प्रणाली आईकडे कमी आणि मामाच्या खांद्यावर जास्त असायची. साखरपुड्यालाच तिने सांगून टाकलं होतं, "नाथामामा नसला तर मी बोहल्यावर चढणार नाही." आणि नाथामामांकडे पत्रिका नव्हती. असणारच नव्हती! आम्ही दोघं नारळ-तांदूळ घेऊन, त्यांच्या घरी जेवून, आमंत्रण करून आलो होतो. मी पत्रिका पुढे केली तेव्हा सुनंदानेच माझा हात मागे ओढला होता : "दादाला कसली पत्रिका? तो काय परका आहे?"

फाटकावर काय झालं ते मला नंतर जनाकाकीने साभिनय करून दाखवलं.

"पत्रिका?"

"मी मामा."

"मामा असाल. पत्रिका?"

"अरे, पोरीचा सख्खा मामा मी!"

"सख्ख्याला तर पयली दिली असंल. दाखवा."

हे वाक्य मामांच्या वर्मी बसलं. ते मागे वळले, टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले आणि काच वर केली. टेम्पो पार्किंगमध्ये होता. म्हणजे मामासुद्धा अटीप्रमाणेच रुसले होते!

मी धावत बाहेर गेलो. काच वाजवली. काच बोटभर खाली आली.

"भाऊजी, सगळ्या तालुक्याला पत्रिका वाटल्यात ना? आमालाच तेवढी नाय?"

"दादा, तुम्ही घरचे. तुम्हाला पत्रिका देणं म्हणजे..."

"घरच्याला फाटकावर उभं करतात?"

काच वर गेली. मी टेम्पोच्या काचेशी हात जोडून उभा राहिलो. माझ्या अंगात नवा सफारी, डोक्याला फेटा, आणि समोर काचेत माझंच तोंड. तिकडे आत माइकवरून भटजींची हाक सुरू झाली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं! मुहूर्त जवळ आला!"

त्या हाकेने माझा धीर सुटला. विनोद बाजूला ठेवून सांगतो, त्या क्षणी मला खरोखर रडू आलं. आत माझी पोर मुंडावळ्या बांधून मामाची वाट बघत होती, आणि मी इतकी वर्षं लोकांचे करार तपासून स्वतःच्या घरात हे करून ठेवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"दादा, माझं चुकलं," मी म्हणालो. "ती अट मी घातली. मला मारा, पण प्रणालीसाठी चला."

काच पूर्ण खाली आली. मामांनी माझा चेहरा नीट बघून घेतला.

"भाचीसाठी येतो. तुमच्यासाठी नाय."

आम्ही दोघं फाटकाशी आलो. मी ऐटीत म्हणालो, "काका, उघडा. हे माझ्याबरोबर आहेत."

"आन तुमी?"

"मी?"

"तुमची पत्रिका?"

"अहो, मी नवरीचा बाप!"

काकांनी शांतपणे माझ्याच सहीचा कागद काढला. "'मी स्वतः आलो तरी.' मॅनेजरांनी शब्द न् शब्द लिवलंय. सही तुमचीच ना? खाली रेघ पन हाय."

सही माझीच होती. रेघही फार सुरेख आली होती. उरलेल्या पत्रिका किन्हवलीला घरी कपाटात होत्या. माझा मोबाइल आत सुनंदाच्या पर्समध्ये, आणि मॅनेजर अजून सिलिंडरच्या मागे. गजांच्या पलीकडे सुनंदा येऊन उभी राहिली. नथीतून तिचा श्वास ऐकू येत होता.

"दादाला आत आणा. नाहीतर मी बाहेर येईन. आणि एकदा बाहेर आले, की मलासुद्धा पत्रिका नाही, कळलं ना?"

मी काकांना रागावून बघितलं, विनवून बघितलं, पेढा देऊन बघितला. काकांनी पेढा खाल्ला आणि पत्रिका मागितली.

इतक्यात आतून फुलाफुलांच्या शर्टवाले गृहस्थ हातात सरबताचा ग्लास घेऊन आले. त्यांचा एक सोबती गाडीत झोपला होता, त्याला जेवायला उठवायचं होतं.

"काय झालं, काका? इतकी गर्दी का?"

"पत्रिका नाय यांच्याकडं."

"एवढंच ना?" त्यांनी मोबाइल काढला. त्यात माझ्या मुलीची पत्रिका! फाटकाशेजारी मी हौसेने आडव्या पलंगाएवढा फ्लेक्स लावला होता, त्यावर पत्रिकाच मोठी करून छापलेली. या पठ्ठ्याने गाडीतून उतरल्या उतरल्या तिचा फोटो काढला आणि वऱ्हाडाच्या रेट्यात तोच लांबून दाखवून सगळी हाफ पॅन्ट मंडळी आत नेली होती. माझ्या चौदाव्या अटीने त्या दिवशी बिनबोभाट आत सोडलेले पाहुणे म्हणजे तानसाचे सहलकरी!

"ही घ्या पत्रिका," ते काकांना म्हणाले. "आणि खाली काय छापलंय वाचा. सहकुटुंब, सहपरिवार. हे माझे मोठे भाऊ." त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. मग मामांकडे बघून विचारलं, "आणि हे?"

"मी मामा," मामा पुटपुटले.

"हे आमचे मामा!"

काका विचारात पडले. पंच हातात घेऊन त्यांनी मोबाइल वरून बघितला, खालून बघितला, आणि त्यांच्या उभ्या नोकरीत न आलेली अडचण त्यांच्या चेहऱ्यावर दिसली.

"याला भोक कुठं पाडू?"

"नाही पाडता येत, काका."

"मंग ही संपत नाय," काका म्हणाले. "परिवार केवढा हाय तुमचा?"

फुलाफुलांच्या शर्टने करंजाखाली बसलेल्या आमच्या अख्ख्या किन्हवलीकडे एकदा पाहिलं आणि हात पसरला. "हा सगळा!"

नियम म्हणजे नियम. काकांनी फाटक सताड उघडलं!

नाथामामांना आधी हसू आवरत होतं, मग आवरेना. ते पोट धरून हसत आत गेले आणि प्रणालीचा हात धरून तिला घेऊन आले, तेव्हा तीसुद्धा हसत होती आणि मामांचे डोळे भरले होते. माझेही भरले होते. अक्षता पडल्या, मुहूर्त साधला, व्याह्यांना हवी तेवढी नवरीकडची माणसं बघायला मिळाली.

मग मानपानाची वेळ आली. मामांनी मुरबाडच्या बाजारातून माझ्यासाठी मानाचा टॉवेल आणि टोपी आणली होती. मी फेटा काढून मान पुढे केली. मामा माझ्या शेजारून पुढे गेले आणि फुलाफुलांच्या शर्टवाल्यांची टोपी उतरवून मानाची टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. "घरच्यांना आत आणलं ते यांनी," मामा माइकवर म्हणाले, "मान यांचा!" टाळ्या सगळ्यात जोरात आमच्याच पाड्याने वाजवल्या.

अल्बम आला आहे. हाफ पॅन्टवाले जवळजवळ प्रत्येक फोटोत आहेत. मीही आहे, नाही असं नाही. मामांनी टोपी घातली त्या फोटोत मागच्या बाजूला मान पुढे करून उभा आहे तो मी.

पुढच्या वर्षी प्रणालीच्या धाकट्या भावाचं लग्न आहे. हॉल तोच, फाटकावर काकाही तेच. सुनंदाने मला बुकिंगला पाठवलं नाही, ती स्वतः गेली आणि पंखे बघून आली. पत्रिका मात्र मी छापून आणल्या. पहिली देवापुढे ठेवली, दुसरी नाथामामांना घरी जाऊन दिली, आणि तिसरी लॅमिनेट करून माझ्याच खिशात ठेवली आहे. तिच्यावर नाव घातलंय 'वराचे वडील', आणि त्याखाली 'सहकुटुंब, सहपरिवार', म्हणजे निदान माझ्यामागून आमच्या घरचे तरी आत येतील!