अन्वरची इर्जिक

अन्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडवणीतल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला जंताचं औषध देत होतो. "अटॅक आला," एवढंच त्याचा भाऊ बोलला. त्या गोष्टीला आता दोन महिने होत आले. जनावरांच्या औषधांचं माझं दुकान आणि त्याच्या वडलांचं गॅरेज एकाच रस्त्यावर, दोस्ती शाळेपासूनची. पुण्याला इंजिनियर झालेला हा गडी परत आला, गॅरेजवरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून कंपन्यांची कामं करू लागला, आणि उरल्या वेळात त्यानं शेळ्या-मेंढ्यांच्या लसींची आठवण करून देणारं मोबाइल अ‍ॅप बनवलं. फुकट! वर त्याचा कोडही खुला ठेवला. कुणीही वाचावा, सुधारून परत द्यावा. लष्कराच्या भाकऱ्या भाजतो म्हणून मी त्याला चिडवायचो.

गाभण शेळी कधी विणार तेही त्यात दिसावं, असं मी एकदा सुचवलं. गडी खूश. दुकान बंद करायच्या वेळेला येऊन काय काय जमलं ते रंगवून सांगायचा. दोस्ताला असं राबवून घेणं बरं नव्हे, म्हणून मी मोबाइलवरून पैसे पाठवले. झालं, काम तिथंच थांबलं. शेवटी मीच खोलीवर गेलो.

"पैशे कावून पाठवले बे?" तो म्हणाला. "आता ते उघडलं की ऑर्डर वाटती. आधी काम माझं हुतं, आता तुझं झालं."

"मग काय फुकट घासत बसणार?"

"फुकट न्हाई. तुमी इर्जिक घालता ना? समद्यांचे बैल एकाच्या रानात, अन् नांगरट झाल्यावर जेवण. आधीच मजुरी ठरवली तर कोन येईल?"

पैशानं हौस मरते हे मला आजही सरसकट पटत नाही. त्याच्या घरी रुबिनाभाभी होती, संसार होता. त्यालाही ते पुरतं पटलं नसावं, कारण पुढं त्यानं मधला रस्ता काढला. जुन्या चुका निस्तरायच्या कंटाळवाण्या कामाचे पैसे तो खुशाल घ्यायचा; नव्या सोयीचे मात्र काम झाल्यावर, कुणी आपणहून दिले तरच. माझे पैसे त्यानं परत केले आणि थोड्याच दिवसांत विण्याची तारीख दिसू लागली. त्या दिवशी मी पाठवलेलं मटण मात्र त्यानं मुकाट ठेवून घेतलं.

त्याच्या माघारी अ‍ॅप नव्या फोनवर उघडेना. पावसाळ्याआधीच्या लसी तोंडावर आलेल्या, मेंढपाळांचे मला फोनवर फोन. आता हे कायमचं बंद पडणार, या विचारानं अन्वर दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटायचं.

मागच्या आठवड्यात आष्टीहून एक बाई भेटायला आल्या. सुनीता मॅडम, शाळेत शिकवतात, घरी शेळ्या. अन्वरला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या कोडमधल्या चुका कळवायच्या, तेवढीच ओळख. भाभीनं त्यांना वरच्या खोलीत नेलं, कॉम्प्युटर लावून दिला. त्या अन्वरच्या खुर्चीत बसल्या. मी आपला दुकानदारच.

"मॅडम, हे चालू करून द्यायचं काय घ्याल?"

"थांबा हो दादा," स्क्रीनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "आधी बघू तर द्या, कुठं अडलंय ते."